जाड जॅकेटाची थंडी

"पन्हाळ्याला जाणार? मग जाड बघा दादा, वर लई गारठा असतोय." कोल्हापुरात मोटारसायकलचं जॅकेट घ्यायला गेलेल्या माणसाला हे वाक्य आधी दुकानदार ऐकवतो, मग बरोबर आलेला मित्र ऐकवतो, आणि हेल्मेटची काच बदलायला आलेला, कुणाच्याच ओळखीचा नसलेला तिसरा माणूसही मान डोलावून दुजोरा देतो. गिऱ्हाईक बिचारं आत कापूस भरून शिवलेलं, हातात घेतलं की वजनदार वाटणारं जॅकेट घेऊन घरी येतं. डिसेंबरात ते दोन-चार वेळा अंगावर चढतं. फेब्रुवारीच्या दुपारी त्यात घामाची आंघोळ होते. मार्चमध्ये ते कपाटात जातं आणि पुढचे नऊ महिने गाडी साध्या शर्टावर चालते. जाड जॅकेटाचं खरं नुकसान हे आहे. थंडीचं राहू द्या, ते माणसाला वर्षातला बराच काळ जॅकेटाविनाच फिरवतं.

"जाड म्हणजे ऊबदार" हा समज इतक्या जणांकडून, इतक्या खात्रीने ऐकायला मिळतो की तो एकदा मुळापासून तपासायलाच हवा.

आधी ते "वर लई गारठा" पाहू. उंचीनुसार हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी गार होते. कोल्हापूर शहर आणि पन्हाळगड यांच्या उंचीत फरक आहे तीन-चारशे मीटरचा. म्हणजे हिशेबाने वर दोन-अडीच अंश कमी. एवढ्यासाठी कुणी घरात स्वेटरही बदलत नाही. शिवाय हिवाळ्यात आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला, की हा हिशेबही उलटू शकतो. गार हवा जड असते. ती रात्रभर उतारांवरून खाली सरकते आणि पंचगंगेच्या काठाला, उसाच्या फडांमध्ये साचून राहते. अशा पहाटे शिवाजी पूल ओलांडून वडणगे फाटा, केर्ली करत जाणारा सपाटीचा रस्ता गडाइतकाच गार असतो, कधी कधी गडापेक्षाही जास्त. वाघबीळ सोडून चढ लागला की उलट जरा हायसं वाटतं. खाली धुकं आणि गडावर ऊन, हे दृश्य तटावरून पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

मग थंडी वाजते ती कशाने? वाऱ्याने, आणि तो वारा बहुतेक वेळा आपणच तयार करतो. अंगाला लागून गरम हवेचा एक पातळ थर असतो. तो जागेवर राहिला तर ऊब टिकते आणि वारा तो सतत उडवत राहिला तर अंग नवी हवा तापवत बसतं. बशीतल्या चहावर फुंकर मारताना आपण हेच करतो. २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या हवामान खात्यांनी वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचं सुधारलेलं सूत्र स्वीकारलं. त्यानुसार हवा १० अंशांवर असताना ताशी ४० किलोमीटरचा वारा लागला तर चेहऱ्याला सुमारे ६ अंशांसारखी थंडी जाणवते. वेग ६० केला तर सुमारे ५ अंशांसारखी. म्हणजे नुसतं उभं राहणं आणि ताशी चाळीसने जाणं यात चार अंशांचा फरक, तर चाळीस आणि साठ यांत जेमतेम एकाचा. "हळू चालवली की थंडी वाजत नाही" हे सांगणाऱ्यांनी हा आकडा पाहून ठेवावा. आणि हे सूत्र १० अंश आणि त्याखालच्या तापमानासाठी आहे, तेही उघड्या चेहऱ्यासाठी. वीस अंशांना ते लावून "उणे थंडी" काढणारे संदेश मोबाइलवर आले, तर ते पुढे पाठवू नका.

जॅकेटाच्या आत चेहऱ्याचं हे सूत्र लागू होत नाही, पण वारा आत शिरला तर लागू झाल्यासारखंच होतं. जॅकेट स्वतः काही गरम नसतं. त्यात शेगडी नाही. उष्णता तयार होते ती आपल्या अंगात, आणि जॅकेट फक्त ती किती वेगाने जाऊ द्यायची एवढंच ठरवतं. ती अडवून धरते ती स्थिर हवा. कापूस, लोकर, फोम हे सगळे प्रकार त्या हवेला जागेवर बसवून ठेवण्यासाठीच आहेत. बाहेरचं कापड वाऱ्याला आत येऊ देत असेल, तर आतला कापूस कितीही जाड असला तरी त्यातली हवा बसत नाही. शिवाय ताशी साठच्या वेगाने वारा छातीवर दाबतो, भरलेला कापूस चपटा होतो आणि जिथे जाडीची सर्वांत जास्त गरज असते नेमकी तिथेच ती उरत नाही.

हे ज्यांना पुस्तकाविना कळलंय त्यांना पाहायचं असेल, तर हिवाळ्यात पहाटे पाच-साडेपाचला केर्लीच्या फाट्यावर चहाला थांबा. दुधाचे कॅन लावून कोल्हापूरकडे निघालेले मोटारसायकलवाले दिसतील. आत शर्ट, त्यावर घरचा विणलेला स्वेटर आणि सगळ्यावर पावसाळ्यात घालायचा साधा प्लास्टिकचा रेनकोट. काहींनी विंडचीटर उलटा घातलेला असतो, चेन पाठीला आणि बंद बाजू छातीला. एखाद्या जुन्या माणसाने स्वेटरच्या आत छातीवर 'पुढारी' पेपराची घडी सरकवलेली असते. बघणाऱ्याला हे गबाळं वाटतं, पण यात काहीही चुकलेलं नाही. स्वेटरची वीण सच्छिद्र असते. बंद खोलीत ती ऊब देते, गाडीवर मात्र तिच्यातून वारा आरपार जातो. रेनकोटाला जाडी नसते, पण तो वारा अडवतो. दोन्ही मिळून जे काम करतात ते बाजारातलं भलं जाड जॅकेट एकट्याने करत नाही. चेन पाठीला घेण्यातही शहाणपण आहे, कारण साध्या चेनच्या दातांमधून वारा सरळ छातीवर येतो. चांगल्या जॅकेटाला चेनच्या आत किंवा वर कापडाची रुंद पट्टी असते ती यासाठीच. (यांतल्या बऱ्याच जणांच्या डोक्यावर हेल्मेटऐवजी कानटोपी असते. तो भांडणाचा वेगळा विषय आहे.)

तेव्हा दुकानात जाडी चिमटीत धरून पाहण्यापेक्षा फटी पाहा. मनगटाशी बाही आवळता येते का? गळ्याची पट्टी बंद होते का, आणि बंद केल्यावर मान वळते का? कमरेशी मागे काय होतं? हे आरशासमोर ताठ उभं राहून कळत नाही. गाडीवर बसा, हँडल धरल्यासारखे हात पुढे करा आणि मग बघा. बाह्या वीतभर वर सरकतात आणि पाठ उघडी पडते अशी जॅकेटं बाजारात ढिगाने आहेत. दुकानदाराला गाडीवर बसून बघायचं म्हटलं की तो जरा विचित्र नजरेने पाहतो. पाहू द्या.

बोटं गारठतात म्हणून जाड हातमोजे घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट इथेच सांगायला हवी. धड गार पडायला लागलं की शरीर हातापायांकडचं रक्त आवरतं घेतं आणि पोटा-छातीची ऊब वाचवतं. छातीवरचा वारा अडवला की बोटंही पुष्कळदा शुद्धीवर येतात. बधिर बोटांनी ब्रेक उशिरा दाबला जातो, म्हणून हा मुद्दा नुसत्या आरामापुरता राहत नाही.

आता आपल्या भागाचा स्वभाव. कोल्हापुरात जानेवारीत सरासरी किमान तापमान १५ अंशांच्या आसपास असतं आणि कमाल ३० च्या. फेब्रुवारीत दुपार आणखी तापते. म्हणजे सहाला निघालेला माणूस पन्हाळ्यावर झुणका-भाकर खाऊन, सज्जाकोठी, तीन दरवाजा बघून दुपारी एकला उतरतो, तेव्हा हवेत पंधरा अंशांचा फरक पडलेला असतो. एकच जाडी दोन्ही वेळांना कशी पुरेल? शिवून टाकलेलं जाड अस्तर काढून पिशवीत घालता येत नाही. थर मात्र काढता येतात.

म्हणून या भागासाठी सरळ हिशेब असा: बाहेरचं जॅकेट जाळीचं घ्या, ज्याला दुकानात मेश म्हणतात. कोपरांना, खांद्यांना आणि पाठीला त्यात आर्मर, म्हणजे पडताना मार झेलणारे पॅड, हवं. थंडीला त्यावर किंवा त्याच्या आत एक पातळ, वारा न शिरणारा विंडचीटर. अगदी कडाक्याच्या पहाटे त्याखाली लोकरीचा पातळ स्वेटर. ऊन वर आलं की विंडचीटरची मुठीएवढी घडी करून खिशात टाकायची. "जाळीच्या जॅकेटात पन्हाळ्याला कुडकुडून मराल" म्हणणाऱ्यांचं म्हणणं नुसत्या जाळीपुरतं खरं आहे. जाळी अधिक विंडचीटर हा वेगळाच प्रकार आहे.

घोंगड्याचा दाखला देणारेही भेटतात. "आमचा धनगर आषाढात घोंगड्याची खोळ घेऊन डोंगरात हिंडतो, त्याला कुठे लागतं तुमचं विंडचीटर?" लोकरीबद्दलचा मुद्दा बरोबर आहे. लोकर आपल्या वजनाच्या साधारण तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेते आणि तरी अंगाला ओलीचिंब लागत नाही. म्हणून तर आत सुती बनियनवर विसंबण्यापेक्षा लोकर बरी. पण धनगर चालत असतो. चालणाऱ्या माणसाचं अंग बसलेल्या माणसाच्या दुपटीहून अधिक उष्णता तयार करतं, आणि त्याला ताशी साठचा वारा लागत नाही. मोटारसायकलवर आपण खुर्चीत बसल्यासारखे बसलेलो असतो. उपमा द्यायची तर दोन्ही बाजू सारख्या हव्यात.

पावसाकडे वळू, कारण पन्हाळ्याला सर्वांत जास्त गर्दी धुक्या-पावसातच होते आणि तिथे दुसरा मोठा गैरसमज बसलेला आहे: "जॅकेटाच्या आत रेन लायनर आहे, आता रेनकोट कशाला?" लायनर आतला माणूस कोरडा ठेवतो, हे खरं. पण तो आत असतो आणि बाहेरचं जॅकेट पाणी पिऊन बसतं. ते जड होतं आणि मग वाऱ्याने सुकू लागतं. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, एक लिटरमागे सुमारे २४०० किलोज्यूल. जॅकेटाने पाव लिटर पाणी धरलं आणि ते तासाभरात उडालं, तर त्याला लागणारी उष्णता निवांत बसलेल्या माणसाचं शरीर तासाला जितकी तयार करतं त्याहून जास्त भरते. ती सगळी आपल्याच अंगातून जाते असं नाही, बरीच हवेतूनही येते. तरी अंगाला चिकटलेलं गार ओलं कापड म्हणजे काय, हे जुलैत गड उतरलेल्या कुणालाही विचारा. घरी पोचल्यावर ते जॅकेट वाळायला दोन दिवस लागतात आणि तोवर त्याला कुबट वास सुटतो, तो वेगळाच.

उपाय जुनाच आहे: रेनकोट वरून घालायचा. बाहेरचं जॅकेट कोरडं राहतं आणि वाराही अडतो. शिवाय पिवळा किंवा नारिंगी रेनकोट धुक्यात दिसतो. काळं जॅकेट, काळं हेल्मेट आणि काळी गाडी घेऊन जुलैच्या धुक्यात पन्हाळ्याच्या वळणावर येणारा माणूस समोरच्या एसटीवाल्याला दिसायचा कसा? "श्वास घेणारं" म्हणून महाग विकलं जाणारं पाणीरोधक कापड वाईट नाही, पण त्याची मर्यादा ओळखून घ्या. आतली वाफ बाहेर जाते ती आत ओल जास्त आणि बाहेर कमी असते म्हणून. बाहेरचा थर पाण्याने माखला की हा व्यवहार मंदावतो आणि मग त्यातही घाम साचतो. कापड फसवं नसतं. ते कोरड्या थंडीत जास्त चांगलं चालतं आणि आपण ते नेमकं कोल्हापूरच्या श्रावणात वापरतो.

उन्हाळ्याची तक्रार मी हसण्यावारी नेणार नाही. एप्रिलच्या दुपारी, सरासरी कमाल तापमान ३७ च्या आसपास असताना, दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला जाळीच्या जॅकेटातही उकडतंच. नाकारण्यात अर्थ नाही. पण "उन्हात शर्टावर गार लागतं" हे गाडी सुटल्यावर अर्धंच खरं उरतं. आपली कातडी साधारण ३३ ते ३५ अंशांना असते. हवा त्याहून गार असेपर्यंत वारा अंग निववतो आणि जाळीतून तो भरपूर येतो. हवा त्याहून तापली की उघड्या हातांवर ऊनही बसतं आणि गरम हवाही. मग गार ठेवतो तो फक्त घाम, आणि सुसाट वाऱ्यात तो इतक्या झटकन उडतो की आपल्याला पत्ता लागत नाही. तहान लागली हे कळेपर्यंत डोकं दुखू लागलेलं असतं. झाकलेला हात आणि त्यावरून जाळीतला वारा, हा सौदा त्यामानाने बरा.

इथे एक युक्ती उपयोगी पडते. आतला सुती टी-शर्ट पाण्यात बुडवून, पिळून, तसाच ओला जॅकेटाखाली घालायचा. देशावर एप्रिलची दुपार कोरडी असते आणि पाणी उडताना अंगाची उष्णता घेऊन जातं. बांबवड्याकडे जाताना अगदी गार वाटतं. मलकापूरला शर्ट सुकला तर पुन्हा भिजवावा. आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या बाजूला मात्र ही युक्ती लंगडी पडते, कारण कोकणातल्या दमट हवेत पाणी लवकर उडत नाही. आणि हाच सुती शर्ट संध्याकाळी गड उतरताना घामाने ओला राहिला तर तो हुडहुडी भरवतो. "सुतीच सगळ्यात बरं" हे वाक्य दुपारी खरं आणि रात्री खोटं.

बाकीचे समज फार वेळ घेण्याच्या लायकीचे नाहीत. काळं जॅकेट जास्त तापतं, पण ते मुख्यतः थांबलेलं असताना. गाडी धावताना रंगापेक्षा जाळी महत्त्वाची. चामडं घसरण्याला उत्तम टिकतं, पण ते पाणी रोखत नाही आणि आपल्या पावसाळ्यात त्यावर बुरशी चढते. चामड्यासारखं दिसणारं रेक्झिन ना घाम बाहेर सोडतं, ना डांबरावर टिकतं. एक साइज मोठं घ्यावं म्हणजे आत स्वेटर मावेल, हा सल्ला देणाऱ्याला विचारा की पडल्यावर कोपराचं आर्मर कोपरावर राहील की दंडावर. जॅकेटावर "सीई" हे युरोपातलं प्रमाणचिन्ह लिहिलेलं असलं तरी ते पुष्कळदा फक्त आतल्या आर्मरपुरतं असतं. आर्मरवर ईएन १६२१ हा क्रमांक हवा आणि संपूर्ण जॅकेटासाठी ईएन १७०९२ चं लेबल, त्यावर ए, एए किंवा एएए हा दर्जा. पाठीत फोमची साधी चादर असेल तर ती काढून खरं आर्मर घाला. आणि थंडीत एक पेग मारला की ऊब येते, हे सांगणाऱ्यांना हात जोडून विनंती: दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात, ऊब वाटते ती अंगातून बाहेर जाणारी असते, आणि तुम्हाला पुढे घाट उतरायचाय.

आता शंका घेणाऱ्यांसाठी. जॅकेट आरामासाठी की जीव वाचवण्यासाठी, हा प्रश्न ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी अपघातात सापडलेल्या २१२ मोटारसायकलस्वारांकडून तपासला. तो अभ्यास २०११ मध्ये 'अ‍ॅक्सिडेंट अ‍ॅनालिसिस अँड प्रिव्हेन्शन' या नियतकालिकात आला. मोटारसायकलसाठी बनवलेलं जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण २१ टक्क्यांनी कमी होतं. त्याच अभ्यासात दहापैकी जवळपास तीन जॅकेटं अपघातात फाटून किंवा उसवून निकामी झाली, हेही नोंदवलंय. म्हणजे जॅकेट घातलं की झालं, असंही नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २०१८ पासून मोटोकॅप नावाचा उपक्रम जॅकेटांना संरक्षण आणि हवा खेळती राहणं या दोन्हींसाठी वेगवेगळे तारे देतो, आणि एकात भरपूर तारे मिळवणारं जॅकेट दुसऱ्यात नापास झालेलं तिथे सहज सापडतं. आपल्याकडे अशी सोय नाही. हेल्मेटाला आयएसआयची सक्ती आहे, जॅकेटाला कायद्याने कसलीच सक्ती नाही, त्यामुळे पारखायचं काम गिऱ्हाइकावरच येतं.

तेव्हा जाड जॅकेटाचे पैसे वाचवा. अंगाबरोबर बसणारं, आर्मर असलेलं जाळीचं जॅकेट, एक पातळ विंडचीटर आणि भडक रंगाचा रेनकोट एवढ्यात कोल्हापूर-पन्हाळ्याचं वर्ष निघतं. उरलेल्या पैशांत चांगले हातमोजे घ्या. डी रोम यांच्या अभ्यासात रुग्णालयात दाखल होण्यातली सर्वांत मोठी घट जॅकेट घालणाऱ्यांत दिसली नव्हती. ती हातमोजे घालणाऱ्यांत दिसली होती, तब्बल ५९ टक्क्यांची.